चार आण्यांचा दुष्काळ

दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं आणि दोन मापटी म्हणजे शेर. वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा या बाजूच्या मराठी घरांत सत्तरी ओलांडलेलं कुणी असलं की हे कोष्टक एका दमात म्हणून दाखवतं आणि नातवंडं हसून लोळतात. पुढे चार शेरांची पायली येते, मग मण, मग वीस मणांची खंडी. मणापाशी आजोबा हमखास अडतात, कारण मण बारा पायल्यांचा की सोळा, यावर त्यांच्या लहानपणीच दोन गावांत दोन मतं होती.

हसून झालं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, बघा, आपल्या पूर्वजांना गुंजभर सोनं आणि विपळभर वेळ मोजता येत होता, इंग्रज आले आणि सगळं बिघडलं. दुसरा म्हणतो, अशा कारभारामुळेच आपण मागे राहिलो. मला दोन्ही तटांचा कंटाळा आला आहे. जुनी मापं शहाणी होती की वेडी, यावर वाद घालण्यात हशील नाही. व्यवहाराच्या वेळी माप कुणाच्या हातात असतं, आणि ते केवढं आहे हे समोरच्याला ठाऊक असतं का, एवढंच विचारावं. जिभेवर जुनी मापं हवी तेवढी राहू द्यावीत. पण जिथे पैसा, जमीन किंवा सरकारी मदत त्यांच्यावर ठरते तिथे त्यांचा आकार लिहून मिळाला पाहिजे. तो आजही सर्रास मिळत नाही, आणि माझी तक्रार तिथे आहे.

आधी गमतीचा भाग घेऊ, कारण तो खरोखरच गमतीचा आहे. माणसाचा देह औट हात, म्हणजे साडेतीन हात. कुणाचाही देह घ्या, ज्याच्या त्याच्या हातानं मोजला की साडेतीनच भरतो, असं म्हणतात. म्हणजे हे माप जगात सर्वांत न्याय्य आणि तितकंच निरुपयोगी. कापड घ्यायला गेलं की मात्र न्याय संपतो, कारण तिथे हात दुकानदाराचा. शिवकाळात जमीन मोजायला पाच हात पाच मुठींची काठी ठरवून दिली गेली ती याचसाठी. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. हात कुणाचा हा वाद रयतेनं आणि कारकुनानं बांधावर घालू नये म्हणून काठीच नेमून टाकली. हे साडेतीनचं प्रकरण मराठी पोरं औटकी म्हणून घोकत, शेजारची गुजराती पोरं उंठां म्हणून. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्यानंतर शेवटी हे भूत येई. आज कॅल्क्युलेटरवर साडेतीन टाकणाऱ्याला या भुताची भीती कळणार नाही, आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

वेळेचं तर विचारूच नका. घटका म्हणजे चोवीस मिनिटं, पळ म्हणजे चोवीस सेकंद, विपळ म्हणजे सेकंदाचे चार दशांश. अडीच घटकांचा तास. आता ‘घटकाभर टेकतो’ म्हणून आलेला पाहुणा जेवूनच उठतो, त्याला घटिकापात्र तरी काय करणार? नऊवारीला कुणी ‘सव्वाआठ मीटरी’ म्हणत नाही, म्हणूही नये. प्रकृती तोळामासा असते, ग्रॅम-मिलिग्रॅम नसते. शेरास सव्वाशेर भेटतो, आणि पैशाला पासरी मिळणाऱ्या गोष्टींचा भाव वाढून कितीही रुपये झाला तरी त्या पैशाला पासरीच राहतात. नवटाक हे शेराच्या आठव्या हिश्शाचं साधं माप, पण दारूच्या गुत्त्यानं त्याची अब्रू अशी घालवली की आता ते तुपासाठी वापरलं तरी ऐकणारा डोळे मिचकावतो. गुजरातेत दारूबंदी असूनही!

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले, तेव्हाची गंमत मात्र जरा वेगळ्या जातीची आहे. आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पाव पैशाचं नाणं नाही, म्हणून सरकारनं कोष्टक दिलं: एक आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. आता आण्याची एक अशा तीन वस्तू एकेक करून घेतल्या तर अठरा पैसे, एकदम घेतल्या तर एकोणीस. चार घेतल्या तर चोवीस किंवा पंचवीस. घाऊक घेणाऱ्याला महाग आणि किरकोळ घेणाऱ्याला स्वस्त असा बाजार त्या काळात खुद्द सरकारी कोष्टकानं भरवला होता. एका पैशाचा प्रश्न, पण कोष्टक पाठ असलेल्याचा पैसा वाचत होता आणि नसलेल्याचा जात होता. जुन्या मापांच्या सगळ्या विनोदांच्या तळाशी हा एक पैसा पडलेला असतो.

धान्य मोजताना बघा. मापारी पहिलं माप ओततो ते ‘एक’ म्हणून नव्हे, ‘लाभ’ म्हणून. मग दोन, तीन. ऐकायला फार गोड. पण डोळे मापावर ठेवावेत. माप शिगेचं की सपाट? शिगेचं असेल तर वर धान्याचा कोन राहतो, सपाट असेल तर हात फिरवून काठाबरोबर केलं जातं. ओतताना उंचावरून सोडलं की दाणा ठासून बसतो, अलगद सोडलं की पोकळ राहतो. एकच मापटं, पण घेताना शिगोशीग, देताना सपाट, आणि हात मात्र त्याचाच. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग मराठीत उगाच आलेला नाही. बलुतं, कर्ज, वाढीदिढी म्हणजे उसन्या धान्यावरचं व्याज, सगळं त्या कोनात बसलेलं असे. त्या कोनाचं वजन कुठल्याही कोष्टकात नाही, म्हणूनच कोष्टक म्हणून दाखवणारे आजोबा ते सांगू शकत नाहीत.

आता आजच्या वडोदऱ्यात या. हाथीखान्यातल्या धान्याच्या दुकानात भाव विचारला की तो मणाचा सांगतात. गुजरातेत मण म्हणजे वीस किलो. बाजार समित्यांचे भावही वीस किलोंचेच निघतात. जळगाव-धुळ्याकडून लग्नाला आलेल्या पाहुण्याच्या डोक्यात मात्र चाळीस किलोंचा मण असतो. तो गव्हाचा भाव ऐकतो, मनात हिशोब करतो आणि म्हणतो, ‘तुमच्याकडे फारच स्वस्ताई बुवा!’ दुकानदार म्हणतो, ‘काका, मण एटले वीस किलो.’ हशा होतो, विषय संपतो. संपतो कारण दुकानात काटा आहे आणि काट्यावर किलो लिहिलेले आहेत. चाळीस शेरांचा जुना पक्का मण ३७.३२ किलोंचा होता, मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांचा म्हणजे तेरा किलोंच्याही आत. तेव्हा काट्याची सोय नव्हती, प्रत्येक पेठेची वजनं वेगळी, आणि हशा होऊन विषय संपत नसे.

जमिनीचा काटा कुठे असतो? इथे विनोद आखडता घ्यावा लागतो. गायकवाडांच्या मुलखात जमीन विघ्यात, म्हणजे बिघ्यात, बोलली जाई, शेजारच्या ब्रिटिश मुलखात एकर-गुंठ्यांत. संस्थान १९४९ मध्ये मुंबई इलाख्यात विलीन झालं, विघा काही विलीन झाला नाही. आजही पादरा, वाघोडिया, डभोईकडची जमीन विघ्याच्या भावानं बोलली जाते. इकडचा विघा साधारण साडेतेवीस गुंठ्यांचा, म्हणजे सुमारे २,३७८ चौरस मीटर. सौराष्ट्रातला विघा सोळा गुंठ्यांचा, सुमारे १,६१९ चौरस मीटर. मधे साडेसात गुंठे, सव्वासातशे चौरस मीटरांहून जास्त जागा हवेत राहते. राजकोटकडचा दलाल, नोकरीतून निवृत्त झालेला दांडिया बाजारातला गिऱ्हाईक आणि वाघोडियाचा शेतकरी एका खाटेवर बसून ‘विघ्याचा भाव’ ठरवतात तेव्हा तिघांच्या डोक्यात तीन शेतं असू शकतात. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये स्वच्छ छापलेलं असतं. पण तो उतारा बघितला जातो सौदा बोलून झाल्यावर, बहुतेक वेळा बाना, म्हणजे विसार, देऊन झाल्यावर.

विघ्याची बाजू घेणारे लोक मला भेटतात आणि त्यांचं सगळंच चूक नसतं. ते म्हणतात, शेतकऱ्याला चौरस मीटर दिसत नाही, विघा दिसतो; अमुक विघ्यांना अमुक पाणी, अमुक बैल, अमुक मजूर, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. कोकणात शेत किती बियाणं खातं त्यावरून त्याला खंडीचं म्हणत, त्यात नापीक कातळ आपोआप वजा होई. हे ज्ञान खरं आहे आणि मीटरपट्टीत ते नाही. पण ते कसणाऱ्याचं ज्ञान आहे. विकत घेणाऱ्याकडे ते नसतं, आणि शेतकरी स्वतः परक्या तालुक्यात जमीन घ्यायला गेला की त्याच्याकडेही नसतं. कसताना विघा वापरा. विकताना चौरस मीटर बोला. यात कुणाच्या अस्मितेला धक्का लागतो ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

घडियाळी पोळेत सोनं घ्यायला गेलं तर तिथला तोळा दहा ग्रॅमचा. कायद्यानं ठरलेला जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, एकशेऐंशी ग्रेनचा, रुपयाच्या नाण्याच्या वजनाचा. बारा मासे, शहाण्णव गुंजा. गुंज ही लाल-काळी बी, आणि बी ती बीच: सगळ्या सारख्या भरतील याची हमी निसर्गानं दिलेली नाही. आता समजा, आजीच्या याद्यांत ‘पाटल्या पाच तोळे’ लिहिलं आहे. ते ५८ ग्रॅमच्या वर झालं. आज लग्नाच्या बैठकीत ‘पाच तोळे घालू’ म्हटलं की ते पन्नास. त्याच पाटल्या मोडून पाच तोळ्यांच्या नव्या केल्या, तर आठ ग्रॅमहून जास्त सोनं दोन तोळ्यांच्या मधे उरतं. सराफ ते परत देईल, त्याच्या काट्यावर ग्रॅमच आहेत. घरातल्या घरात वाटणी होताना मात्र धाकटीच्या वाट्याला ‘पाच तोळे’ आले म्हणजे मोठीइतकेच आले असं धरलं जातं, आणि मग वीस वर्षं दोघी एकमेकींकडे येत-जात नाहीत. रत्नांच्या बाजारात तर रत्तीच दोन आहेत. सोनाराची रत्ती सुमारे १२१ मिलिग्रॅम, खड्यांची पक्की रत्ती सुमारे १८२. ज्योतिषानं सव्वापाच रत्तींचा पुष्कराज सांगितला की गुरुग्रहाला यातली कुठली रत्ती अभिप्रेत आहे, हे विचारणारा यजमान विरळा. मोठी रत्ती खपते, एवढं खरं.

या गोंधळाला उत्तर म्हणून १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारनं तोळा, शेर, मण यांची प्रमाणं कायद्यानं बांधली. मग १९५६ मध्ये स्वतंत्र भारतानं मेट्रिक मापांचा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं शेर जाऊन किलो आला. हे परदेशी खूळ होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा लोथलला जाऊन यावं, वडोदऱ्याहून गाडीनं काही तासांचा रस्ता. तिथे हडप्पा काळातली दगडी चौकोनी वजनं सापडली आहेत. एकाला दुप्पट दोन, दोनाला दुप्पट चार, मग आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. सोळाच्या पायरीवरचं वजन साडेतेरा ग्रॅमच्या आसपास, आणि तीच श्रेणी पार सिंधपासून पंजाबपर्यंतच्या गावांत. पूर्वजांचा अभिमानच धरायचा तर हा धरावा: चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या भागातल्या व्यापाऱ्याचं माप शेकडो कोसांवरच्या गिऱ्हाइकाला ठाऊक होतं. पेठेपेठेची वेगळी वजनं ही त्यानंतरची घसरण आहे, परंपरा म्हणून ती मिरवण्यासारखी नाही.

आजचा वजनमापांचा कायदा २००९ चा. त्याचं अकरावं कलम सांगतं की भाव सांगताना, दरपत्रक काढताना, जाहिरात करताना प्रमाण एककाखेरीज दुसरं माप वापरू नये. कायदा इतका सरळ आहे की वाचून मन प्रसन्न होतं. मग रस्त्यावरचे फलक वाचले की ते पूर्ववत होतं.

कारण मापात पाप करायला माप जुनंच असावं लागतं असं नाही. सुपर बिल्टअप नावाचं माप आमच्या पिढीनं जन्माला घातलं. त्यात तुमच्या खोल्या असतात, भिंती असतात, जिन्याचा वाटा असतो, लिफ्टचा असतो, लॉबीचा असतो, आणि बिल्डरच्या मनाचा मोठेपणाही असावा, कारण दोन इमारतींत त्याचा हिशोब एक येत नाही. गुजरातेत ते वारात सांगायची रीत आहे, म्हणजे इंग्रजांचा यार्ड, त्याचा चौरस, आणि तोही फुगवलेला. घरबांधणीवरच्या २०१६ च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरियाची, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेची, व्याख्या केली, त्यावर विक्री करायला लावली, हे चांगलंच झालं. बोलण्यात ‘सुपर’ अजून जिवंत आहे. खाद्यतेलाचा डबा पंधरा किलोंचा की पंधरा लिटरचा? तेल पाण्याहून हलकं, पंधरा लिटर तेल साधारण साडेतेरा किलोंच्या थोडं वर भरतं. डबा तेवढाच दिसतो, आकडा तोच छापलेला, सव्वा किलोहून जास्त तेल कमी. सिंगतेलाच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाच्या, डब्याचा भाव हा जिथे घरोघर चहाबरोबर चर्चेचा विषय, तिथेही हा फरक अनेकांच्या नजरेतून सुटतो. तेल तापलं की फुगतं, म्हणून चढं तापमान लिहून लिटर मोठे दाखवायची शक्कलही कंपन्यांनी केली होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं सांगितलं की तापमानाचा उल्लेख काढा आणि आकारमानाबरोबर वजनही लिहा. लिटर आणि किलो दोन्ही शुद्ध मेट्रिक. पाप तरी होतंच. (एसीचा ‘टन’ म्हणजे चोवीस तासांत एक टन बर्फ वितळायला लागणारी उष्णता, आणि शेतीच्या मोटरीचा हॉर्सपॉवर म्हणजे वॅटसाहेबानं अठराव्या शतकात गृहीत धरलेला घोडा. त्यांचं मला काही वाटत नाही. दीड टनचा एसी दुकानात सगळीकडे एवढाच असतो, घोडाही ७४६ वॅटांवर बांधून ठेवला आहे.)

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते माप. आणा नाण्यातून गेला १९५७ ला, पण शेतातून गेला नाही. पीक किती आलं हे महसूल खातं आण्यांत मोजत आलं: आणेवारी, गुजरातीत आनावारी. भरल्या वर्षाचं पीक म्हणजे पूर्ण रुपया, आणि यंदाचं त्यातले इतके आणे. महाराष्ट्रानं नाव बदलून पैसेवारी केलं, पन्नास पैशांच्या आत आलं की टंचाई. गुजरातेत उंबरठा चार आण्यांचा होता. दुष्काळ आहे की नाही, जमिनीचा सारा माफ होईल की नाही, जनावरांना चारा येईल की नाही, हे सगळं मेलेल्या नाण्याच्या अंशावर लटकलेलं.

यात हसण्यासारखं काही नाही हे ज्यांनी सर्वांत मोठ्यानं सांगितलं ते लोक वडोदऱ्याच्या शेजारचे. १९१७ मध्ये खेडा जिल्ह्यात अतिवृष्टीनं पिकं गेली. नियम असा होता की पीक चार आणे किंवा त्याहून कमी आलं तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा. सरकारी कागद म्हणत होते की पीक चार आण्यांच्या वर आहे. शेतकरी म्हणत होते, आत आहे. गांधीजी, वल्लभभाई आणि कार्यकर्ते गावोगाव हिंडले, पिकाची चौकशी केली आणि आकडा चार आण्यांच्या खाली आहे असं सांगितलं. मग मागणी झाली की आम्हीही खोटे नको, तुम्हीही नको, निवाड्याला पंच नेमा. सरकारनं पंच नेमायला नकार दिला. २२ मार्च १९१८ ला नडियादहून सत्याग्रह सुरू झाला, सारा न भरण्याच्या प्रतिज्ञा झाल्या, जनावरं आणि भांडी जप्त होऊ लागली. पेटलाद तालुका बडोदा संस्थानचा आणि त्याला लागूनच खेडा जिल्हा. म्हणजे ही जप्ती गायकवाडी बांधावर उभं राहून बघता येत होती. शेवटी ज्यांना झेपेल त्यांनी भरावं, गरिबांवर सक्ती करू नये, अशी तडजोड झाली. पीक तीन आणे होतं की पाच, याचा निकाल कधीच लागला नाही.

खेडाच्या इतिहासात या चार आण्यांकडे आपण तपशील म्हणून बघतो. माझ्या मते गाभा तोच आहे. मोजणारा सरकारी नोकर, ज्याला सारा गोळा करायचा आहे तोही तोच, मोजायचं साधन नजर, आणि मोजमाप ज्या पूर्ण रुपयाशी करायचं तो पूर्ण रुपया म्हणजे किती मण, हे बांधलेलं नाही. पाच आणे म्हणणाऱ्याला ते सिद्ध करावं लागत नाही, तीन म्हणणाऱ्याला सिद्ध करता येत नाही. धान्याच्या मापावरची शीग निदान डोळ्यांसमोर असते. आणेवारीची शीग तलाठ्याच्या वहीत असते.

आणि हे १९१८ ला संपलं असं समजू नका. २०१५ चा पाऊस तुटला. दुष्काळाबाबत सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, आणि ११ मे २०१६ च्या निकालात न्यायालयानं बिहार, हरियाणा आणि गुजरात या राज्यांना दुष्काळाकडे डोळेझाक केल्याबद्दल फटकारलं. गुजरातनं काही गावांत टंचाई जाहीर केली होती ती खरिपाचं पीक निघून महिने उलटल्यावर, एप्रिलमध्ये, कारण आनावारीचे आकडे यायला वेळ लागतो. आणि उंबरठा कोणता, तर चार आणे. खेडा सत्याग्रहाला अठ्ठ्याण्णव वर्षं झाली होती, आणा चलनातून जाऊन एकोणसाठ. त्यानंतर केंद्राची नवी दुष्काळ नियमावली आली. पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी हिरवळ, भूजल असे निकष पुढे आले. महाराष्ट्रात मात्र दर वर्षी नजर पैसेवारी, सुधारित पैसेवारी, अंतिम पैसेवारी हा क्रम चालूच आहे, आणि ‘आमच्या गावाची पन्नासच्या वर कशी निघाली’ ही ओरडही.

इथे लोक म्हणतात, नावात काय आहे, आणा म्हणा नाहीतर टक्का म्हणा. बरोबर. नाव बदलून काही होत नाही, पैसेवारीनं ते दाखवून दिलं आहे. आण्याच्या जागी पैसा आला, नजर तीच राहिली. उपग्रह आला तरी त्याचा आकडा गावात कुणाला वाचून दाखवला नाही तर तोही नजरेइतकाच अपारदर्शक. म्हणून माझं म्हणणं मापाचं नाव बदलण्याचं नाही. पूर्ण रुपया म्हणजे या तालुक्यात कपाशीचे, बाजरीचे, भाताचे हेक्टरी किती किलो, ते पेरणीच्या आधी जाहीर व्हावं. पीककापणीचे प्रयोग कुठल्या सर्व्हे नंबरांत झाले, किती चौरस मीटरांत, काट्यावर किती किलो भरले, हे पंचायतीच्या फळ्यावर लागावं. आकडा अंतिम होण्याआधी गावाला आक्षेप घेता यावा, आणि तो ऐकणारा माणूस आकडा काढणाऱ्याच्या हाताखालचा नसावा. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यानं पंच मागितले होते, त्याहून ही मागणी मोठी नाही.

जमिनीच्या आणि सोन्याच्या बाबतीत तर नवा कायदाही नको. बानाखतावर, म्हणजे सौद्याच्या करारावर, विघा लिहिला की त्याच ओळीत चौरस मीटर लिहिणं सक्तीचं करा; दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ते तपासायला मिनिट लागत नाही. दलालाच्या फलकावर विघा-वार असतील तर शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात मीटर हवेत. सराफाच्या पावतीवर ग्रॅम असतातच; लग्नाच्या याद्यांवर, मृत्युपत्रावर ते आपण लिहायला लागलो तर दोन बहिणींचं येणं-जाणं तरी टिकेल. तेलाच्या डब्यावर वजन आकारमानाइतक्याच मोठ्या टायपात छापलेलं दिसलं पाहिजे, झाकणाखालच्या कोपऱ्यात नव्हे.

आणि शाळेत? शाळेत पायलीची कोष्टकं पुन्हा शिकवा म्हणणाऱ्यांची एक लाट अधूनमधून येते. शिकवा, पण पाठांतर म्हणून नको. वर्गात एक मापटं आणा, एक पोरगं सावकार करा, एक कूळ करा, शिगेनं घ्यायला लावा आणि सपाट द्यायला लावा, आणि मग दोन्ही ढीग काट्यावर घाला. सहावीच्या मुलांना फरक वजा करता येतो. त्यानंतर त्यांना गावाचा पैसेवारीचा कागद दाखवा आणि विचारू द्या की हा आकडा कुणी, कुठल्या शेतात, कशानं मोजला. उत्तर देता आलं तर कागदावर नाव आणेवारीच राहिलं तरी माझी हरकत नाही.